गवतावर पळते, फुटपाथवर लंगडते

प्रश्न : आम्ही मँचेस्टरला राहतो. शर्यतीतून निवृत्त झालेली एक ग्रेहाउंड कुत्री आम्ही दत्तक घेतली आहे. वय साडेचार वर्षं, नाव हरणी. घरी आली तेव्हा छान चालायची. आता काही महिन्यांपासून बागेत गवतावर सोडली तर सुसाट पळते, आणि तीच घराबाहेरच्या फुटपाथवर पुढचा डावा पाय उचलून तीन पायांवर उभी राहते. शेजारच्या गल्लीत खडी पसरलेली आहे, तिथे तर पाऊलच टाकत नाही. दवाखान्यात खांद्यापासून पंजापर्यंत तपासलं, सांधे मोकळे आहेत म्हणाले, आठवडाभर वेदनाशामक दिलं. गोळ्या संपल्या आणि पुन्हा तेच. सध्या साताऱ्याहून आई आली आहे. तिने पंजा हातात घेतला, उजेडात धरला आणि म्हणाली, ‘अगं, हिला कुरूप झालंय.’ कुत्र्याला कुरूप होतं? झालं असलं तर आई म्हणते तसा बिब्बा लावायचा की औषधांच्या दुकानातली कॉर्न कॅप? आणखी एक कुतूहल. माझ्या मामांकडे उदगीरला आजोबांपासून कारवान कुत्री आहेत. अंगापिंडाने हरणीसारखीच. त्यांना असलं काही झाल्याचं मामांनी कधी ऐकलेलं नाही. मग हिलाच का?
— एक वाचक, मँचेस्टर

उत्तर : तुमच्या आईंनी ओळखलं ते बरोबर असण्याची शक्यता फार मोठी आहे. कुत्र्याला कुरूप होतं, आणि ग्रेहाउंडला जितकं होतं तितकं दुसऱ्या कुठल्या जातीला क्वचितच. खरं तर निदान तुमच्या पत्राच्या सुरुवातीलाच आहे. गवतावर ठीक, फुटपाथवर लंगडी, खडीवर ठप्प. सांधा किंवा खांदा दुखत असता तर धावून आल्यावर लंगडणं वाढलं असतं, झोपेतून उठताना पाय आखडलेला दिसला असता. खालची जमीन मऊ आहे की टणक, यावरून दुखणं एवढं बदलत असेल तर ते बहुतेक तळव्यातच असतं. चपलेत खडा गेला तर आपण चप्पल झटकतो. हरणीच्या बाबतीत तो खडा तिच्या स्वतःच्या गादीतच वाढलेला आहे.

दवाखान्यात ते निसटलं याचं नवल वाटून घेऊ नका. तपासणीच्या खोलीत जमीन गुळगुळीत असते, कुत्रं घाबरलेलं असतं, आणि घाबरलेलं कुत्रं दुखणं लपवून सरळ चालतं. शिवाय कोरड्या, काळ्या गादीवर लहान कुरूप डोळ्यांना दिसतच नाही. संध्याकाळी हरणी कुशीवर आडवी झाली की एक ओला कापूस घ्या, पंजाच्या चारही लहान गाद्या पुसून काढा आणि टॉर्चच्या उजेडात पाहा. मधल्या दोन बोटांकडे आधी बघा. कुरूप असेल तर ओल्या गादीवर काही मिलिमीटरचा गोल उठून दिसेल. कडा स्पष्ट, रंग करडा-पांढुरका, मधला भाग टणक आणि गुळगुळीत, कधी थोडा वर आलेला. त्यावर अंगठ्याने सरळ दाब द्या. पाय झटकन मागे घेतला, आणि दुसऱ्या पायाच्या त्याच बोटावर तेवढाच दाब देऊनही काही झालं नाही, तर फोटो काढा आणि तो घेऊन पशुवैद्यांकडे जा. तिला ओरडायला लागेल इतकं दाबायची गरज नाही. ग्रेहाउंड थोड्याशा दुखण्यानेही किंचाळतात, त्यामुळे त्या ओरडण्यावरून दुखणं किती मोठं आहे हे ठरवता येत नाही. पाय मागे घेणं ही जास्त भरवशाची खूण.

आता ‘हिलाच का’ या प्रश्नाकडे येतो, कारण त्याचं उत्तर समजलं की उपचारातलं काय चालेल आणि काय चालणार नाही हे आपोआप कळतं.

कुरूप केराटिनचं असतं. नखं आणि केस ज्या प्रथिनाचे बनतात तेच हे. कातडीच्या एकाच बिंदूवर पुन्हा पुन्हा दाब आला की तिथे केराटिनचे थर साचतात, आणि ते बाहेर वाढण्याऐवजी शंकूच्या आकाराने आत शिरतात. दुखतं ते त्या शंकूच्या टोकामुळे. वरून दिसणारा गोल हा त्याचा फक्त पाया. कुत्रा बोटांवर चालतो आणि उभ्या कुत्र्याचं साधारण 60 टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असतं. ग्रेहाउंडचा पंजा मांजरासारखा गोल नसतो, सशाच्या पायाकडे झुकणारा लांबट असतो, आणि त्यात मधली दोन बोटं सगळ्यांत लांब. जमिनीवर जोर पडतो तो या दोन बोटांच्या टोकांवर. या जातीच्या अंगावर चरबी मुळातच कमी, तशी ती पंजाच्या गादीतही कमी. हाडाचं टोक आणि रस्ता यांच्यामध्ये उशीच अपुरी. ब्रिटनमधले पशुशल्यचिकित्सक माइक गिलियर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 साली कुरूप झालेल्या कुत्र्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातली बहुसंख्य कुत्री ग्रेहाउंड होती, आणि कुरुपं मुख्यतः पुढच्या पायांच्या मधल्या बोटांवर होती. काचेचा कण किंवा वाळूचा खडा गादीत रुतून राहिला तरी कुरूप होऊ शकतं, पॅपिलोमा विषाणूंवरही संशय घेतला गेलेला आहे. पण बहुतेक ठिकाणी गोष्ट दाबाची असते. म्हणून माझं म्हणणं पहिल्यापासून एकच राहिलं आहे. कुरूप काढणं हे अर्धं काम. त्या बोटावरचा भार कमी केल्याशिवाय उरलेलं अर्धं होत नाही.

हरणीच्या बोटांवर असा वाकडा भार येण्याचं आणखी एक कारण असू शकतं, आणि त्याचा इतिहास तुमच्याच शहराशी बांधलेला आहे. ग्रेहाउंड शतकानुशतकं मोकळ्या शेतांतून सशामागे पळत आला. ती धाव मातीवरची, कुत्र्याने स्वतः वळणं घेतलेली. 1919 साली कॅलिफोर्नियातल्या एमरीव्हिल इथे ओवेन पॅट्रिक स्मिथ यांनी यंत्रावर धावणारा खोटा ससा लावून बंदिस्त गोल मैदानावर शर्यत सुरू केली. 24 जुलै 1926 रोजी मँचेस्टरच्या बेल व्ह्यू मैदानावर ब्रिटनमधली तशी पहिली शर्यत झाली. ते मैदान 2020 साली बंद झालं, पण तशा गोल वळणांवर कुत्री आजही पळतात. शर्यत घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने असते. म्हणजे ताशी 60 किलोमीटरच्या वर वेग असताना प्रत्येक वळणावर शरीर डावीकडे झुकलेलं, आणि सगळा जोर वळणाच्या आतल्या बाजूच्या हाडांवर. शर्यतीच्या कुत्र्यांमध्ये डाव्या पुढच्या पंजाच्या करंगळीकडची लांब हाडं, उजव्या पुढच्या पंजाच्या आतल्या बोटाची हाडं आणि उजव्या मागच्या पायाच्या घोट्यातलं एक हाड ठरल्यासारखी मोडतात, ती याच कारणाने. बोटं निखळतात, बोटांमधला पडदा फाटतो. काही दुखापतींवर उपचार होतात, काही नुसत्याच जुन्या होतात. मग एक बोट थोडं वाकडं किंवा ताठ राहतं, शेजारच्या बोटावर जास्त वजन जातं आणि कुरूप तिथे धरतं.

म्हणून हरणीला गुळगुळीत फरशीवर उभी करून समोरून पंजे पाहा. चारही बोटं सारखी कमानीत आहेत का? एखादं सपाट पडलंय, एखाद्याचं नख वर उचललेलं आहे का? पंजाचा एक्स-रे मागून घ्या. त्यात जुना मोडलेला भागही दिसेल आणि आत रुतलेला खडाही. तिच्या कानांत शाईने गोंदलेली अक्षरं असतील. ती तिची शर्यतीतली ओळख आहे. ज्या संस्थेकडून तुम्ही तिला घेतलं त्यांना ती सांगून तिच्या शर्यतींची आणि दुखापतींची नोंद मिळते का ते विचारा. मला ही माहिती औषधाच्या चिठ्ठीइतकीच मोलाची वाटते. वेल्सच्या सरकारने फेब्रुवारी 2025 मध्ये ग्रेहाउंड शर्यतींवर बंदी आणण्याची घोषणा केली, न्यूझीलंडने त्याआधी डिसेंबर 2024 मध्ये, आणि अमेरिकेत फ्लोरिडाच्या मतदारांनी तर 2018 सालीच कौल दिला होता. या निर्णयांचं मी मनापासून स्वागत करतो. त्यामुळे अशी अनेक कुत्री साध्या घरांत आणि साध्या दवाखान्यांत येत राहणार आहेत, आणि त्यांचे पंजे वाचायला आपल्याला शिकावं लागणार आहे.

मामांच्या कारवानांचं काय? कारवान हासुद्धा नजरेने शिकार हेरून पळणाऱ्या कुत्र्यांच्याच गटातला, आणि कुरूप या गटातल्या इतर जातींमध्येही, उदाहरणार्थ व्हिपेटमध्ये, अधूनमधून आढळतं. पण मराठवाड्यातला कारवान पळतो काळ्या रानात, बसतो मातीच्या अंगणात, आणि त्याला गोल मैदानावर वळणं घ्यायला कोणी लावलेलं नसतं. मऊ जमिनीवर दाब गादीभर पसरतो, डांबरावर तो एका टोकाशी गोळा होतो. मला यातच बराचसा फरक दिसतो. पुण्यामुंबईच्या फ्लॅटमध्ये कारवान किंवा मुधोळ पाळणाऱ्यांनी मात्र मामांच्या अनुभवावर विसंबू नये. सिमेंटच्या रस्त्यावर रोज फिरणारं, सडपातळ अंगाचं कुत्रं एकाएकी खडी टाळायला लागलं, तर त्याचेही पंजे ओले करून पाहावेत.

आता बिब्बा. आईंना माझा नमस्कार सांगा आणि तो बिब्बा कृपा करून परत डब्यात ठेवायला सांगा. बिब्ब्याचं तेल माणसाची कातडीही जाळतं, फोड आणतं. हरणी ते चाटणार, आणि मग जिभेपासून घशापर्यंत भाजणार. चुना लावण्याचंही तेच. कॉर्न कॅप वरवर निरुपद्रवी वाटते, पण तिच्यात सॅलिसिलिक अ‍ॅसिड असतं, अ‍ॅस्पिरिनच्या कुळातलं. ते कुरूप आणि निरोगी गादी यांत भेद करत नाही, आणि कुत्र्याने पट्टी चावून गिळली तर पोटात जखमा होऊ शकतात. ब्लेडने घरी कापू नका. शंकू किती खोल आहे हे वरून कळत नाही, रक्त येतं, जंतू शिरतात, आणि व्रण धरला तर तो व्रणच पुढच्या कुरुपाचं कारण ठरतो. आणि घरातली आयब्युप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल तिला अर्धी गोळीसुद्धा देऊ नका. कुत्र्याचं वेदनाशामक वेगळं असतं आणि त्याचं प्रमाण पशुवैद्यच ठरवतात.

पहिला खरा दिलासा मिळतो तो कुरूप मुळापासून उकलून काढल्यावर. दातांच्या कामाला वापरतात तसं बोथट कडेचं हत्यार घेऊन, कुरुपाच्या कडेकडेने फिरत, पशुवैद्य तो शंकू गादीपासून सोडवतात आणि अख्खा उचलतात. सरावाच्या हाताने केलं तर रक्त येत नाही, भूल लागत नाही, आणि कितीतरी कुत्री दवाखान्याबाहेर पडतानाच पाय टेकवू लागतात. हे प्रत्येक पशुवैद्याने केलेलं असेलच असं नाही. निवृत्त ग्रेहाउंड नेहमी येत असतात असा दवाखाना शोधा. दत्तक देणाऱ्या संस्थांना तो हमखास ठाऊक असतो. मात्र अपेक्षा स्पष्ट ठेवा. दाब तसाच राहिला तर काही आठवड्यांनी कुरूप परत येतं आणि पुन्हा काढावं लागतं. काही घरांत हे वर्षानुवर्षं चालतं आणि कुत्रं त्यात सुखाने जगतं. तोही एक चांगला मार्ग आहे.

दोन वेळांच्या मध्ये घरी करण्यासारखं बरंच आहे, आणि इथे आईंच्या हातांना भरपूर काम आहे. पंजा कोमट पाण्यात काही मिनिटं बुडवायचा, कोरडा करायचा, आणि मऊ झालेल्या थरावर नखं घासायची कानस हलक्या हाताने फिरवायची. एका बैठकीत सगळं संपवायचं नाही. गुलाबी दिसायला लागण्याच्या बरंच आधी थांबायचं. नंतर थोडं खोबरेल चोळलं तर गादी लवचीक राहते. पण ते जिरेपर्यंत पाय धरून बसावं लागेल, नाहीतर ती चाटून टाकेल आणि लाकडी फरशीवर घसरेल. शर्यतीच्या कुत्र्यांना लहानपणापासून माणसांनी अंगभर हाताळलेलं असतं, त्यामुळे हरणी पाय देईल. नाहीच दिला तर ओढू नका. आज नुसता हात ठेवा, उद्या धरा.

फिरायला नेताना जाड, मऊ तळाचे बूट घाला. दुखऱ्या पायातच घातले तरी चालतात. ते फक्त टणक जमिनीसाठी. घरी आल्याबरोबर काढा आणि बोटांच्या मधली व अंगठ्याच्या नखाजवळची कातडी बघा, कारण ग्रेहाउंडची कातडी इतकी पातळ असते की बुटाच्या पट्ट्यानेही सोलते. शक्य असेल तर बागेपर्यंत गाडीने न्या आणि चालणं गवतावरच करा. फुटपाथच्या कडेला गवताची पट्टी असेल तर हरणीला त्या बाजूने चालू द्या. घरात सतरंज्या टाका. घसरड्या फरशीवर ही कुत्री बोटं आवळून चालतात, आणि बोट आवळलं की दाब पुन्हा टोकावर.

नखं हा भार हलवण्याचा सगळ्यांत सोपा उपाय आहे आणि त्याकडेच सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं. लांब नख आधी जमिनीला टेकतं आणि बोटाला मागे ढकलतं, त्याने गादीवरचा जोर भलत्याच जागी येतो. काळ्या नखात आतली जिवंत नस दिसत नाही म्हणून माणसं घाबरून कापतच नाहीत. एकदम कापू नका. दोन आठवड्यांतून एकदा टोक थोडं घासत राहिलात तर नस हळूहळू मागे सरकते आणि नख दरवेळी थोडं आणखी आखूड करता येतं. वजनही बघा. शर्यतीच्या दिवसांपेक्षा एखाद-दुसरा किलो वाढला तर ठीक, पण बरगड्यांची पुसट रेषा दिसायला हवी. निवृत्त कुत्र्याला मायेने पोळी-तूप भरवण्याची आपल्या घरांची ओढ मी समजू शकतो. त्या प्रत्येक वाढीव किलोचा भार त्याच दोन बोटांवर पडतो.

नख हातात घेतलंच आहे तर एका आजाराची खूण सांगून ठेवतो. एक नख तुटलं तर ते कुठे अडकलं असेल. पण दुसऱ्या, तिसऱ्या पायाचीही नखं सैल होऊ लागली, चिरू लागली, गळून पडू लागली, तर ती नखांच्या मुळांवर शरीराच्याच प्रतिकारशक्तीने केलेली चढाई असते. या आजाराचं नाव लांबलचक आहे, सिमेट्रिकल ल्युपॉइड ऑनिकोडिस्ट्रॉफी, आणि ग्रेहाउंड त्याला विशेष बळी पडतात. माशाच्या तेलासारखी ओमेगा-3 चरबी, गरजेप्रमाणे इतर औषधं आणि पुष्कळ धीर, असा त्याचा उपचार. नखं परत यायला महिने लागतात आणि ती पूर्वीसारखी सुबक येतीलच असं नाही, पण दुखणं आटोक्यात येतं.

बोटांमधला पातळ पडदा फाटला तर तो शिवून घेण्यात उशीर करू नका. धावताना तो रोज थोडा थोडा आणखी फाटत जातो. तुमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ पसरतात, ते भेगांत झोंबतं, म्हणून फिरून आल्यावर पंजे धुवायचे आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या. चिखलातून, झाडीतून आलात तर हे आणखी महत्त्वाचं. 1980 च्या दशकात अमेरिकेतल्या अलाबामात शर्यतीच्या ग्रेहाउंडांमध्ये एक आजार दिसला. पंजावर किंवा पायावर विनाकारण व्रण, आणि काही दिवसांत मूत्रपिंडं निकामी. 2012 च्या सुमारास तसाच आजार ब्रिटनमध्ये निरनिराळ्या जातींच्या कुत्र्यांत आढळू लागला. तिथे त्याला ‘अलाबामा रॉट’ असंच म्हणतात. तो दुर्मीळ आहे, आणि मुख्यतः हिवाळा-वसंतात, चिखलाच्या जंगलवाटांशी जोडलेला. जिथे खरचटल्याचं तुम्हाला आठवत नाही तिथे लालसर, ओला व्रण दिसला तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.

आणि कुरूप सापडलं म्हणून प्रत्येक लंगडण्याला तेच कारण समजू नका. ग्रेहाउंडमध्ये हाडाचा कर्करोग, ऑस्टिओसार्कोमा, इतर बहुतेक जातींपेक्षा जास्त दिसतो. पुढच्या पायात तो मनगटाच्या थोडा वर किंवा खांद्याजवळ धरतो. लंगडणं गवतावरही दिसू लागलं, आठवड्यागणिक वाढू लागलं, रात्री ती कण्हू लागली, हाडावर टणक सूज आली, तर पंजाकडे बघत वेळ घालवू नका, पूर्ण पायाचा एक्स-रे काढा. साडेचार वर्षांच्या हरणीच्या बाबतीत ही शक्यता कमी आहे. पण ‘कुरूपच आहे’ या खात्रीपोटी महिने गेलेली कुत्री पशुवैद्यांच्या पाहण्यात येतात, आणि ते महिने मोलाचे असतात.

शेवटचा भाग शस्त्रक्रियेचा. तुम्ही विचारलेलं नाही, पण कुरूप दोन-तीनदा परत आलं की कोणी ना कोणी सुचवेलच. जुनी पद्धत गादीतून कुरूप कापून काढण्याची. थोडे दिवस बरं वाटतं, पण बऱ्याच कुत्र्यांत ते पुन्हा येतं, कारण हाड, गादी आणि रस्ता यांचं नातं होतं तसंच राहतं. बोटच काढून टाकण्याच्या मी विरुद्ध आहे. त्या बोटाचा भार शेजारच्या बोटावर जातो आणि कुरूप तिथे सुरू होण्याची वाट मोकळी होते. अलीकडच्या वर्षांत ब्रिटनमध्ये वेगळा विचार रुजतो आहे. बोटाला कमानीत आवळून धरणारी एक कंडरा असते, स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. दुखऱ्या बोटाची ती वरवरची कंडरा लहानशा छेदातून कापतात. बोट थोडं सपाट होतं, गादीचं टोक जमिनीवर रुतायचं थांबतं, आणि दाब गेल्यामुळे अनेक कुत्र्यांत कुरूप पुढच्या आठवड्यांत आपोआप सुटून येतं. नख खाली धरणारी खोलवरची कंडरा शाबूत ठेवतात, त्यामुळे पंजाची पकड जात नाही. कधी भार सरकून दुसऱ्या बोटावर नवं कुरूप येतं, हे ठरवण्याआधी माहीत असलेलं बरं. तरीही कुरूप उकलून काढणं, बूट, नखं, गवत हे सगळं मनापासून करूनही हरणी तीन पायांवर उभी राहत असेल, तर मी याच शस्त्रक्रियेच्या बाजूने कौल देईन.

तसं ठरलंच, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगा की ही ग्रेहाउंड आहे आणि बार्बिट्युरेट गटातली भूल या जातीच्या यकृतातून फार सावकाश उतरते. आज सुरक्षित पर्याय भरपूर आहेत. रक्तचाचणी झाली तर लाल पेशींचं प्रमाण जास्त आणि प्लेटलेट कमी दिसतील. ग्रेहाउंडसाठी ते बहुतेक वेळा स्वाभाविक असतं, त्याने घाबरू नका. घाबरण्यासारखी, किंवा निदान तयारीत राहण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी रक्त नीट गोठतं, पण काही ग्रेहाउंडांत ती गुठळी नंतर विरघळते आणि दीड-दोन दिवसांनी रक्तस्राव सुरू होतो. अमेरिकेत 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नसबंदीची साधी शस्त्रक्रिया झालेल्या 88 निवृत्त ग्रेहाउंडांपैकी 23 जणांना 36 ते 48 तासांनंतर असा रक्तस्राव झाला होता. तो रोखायला ट्रॅनेक्झामिक अ‍ॅसिडसारखी औषधं आहेत. ती आधीपासून द्यायची का, हे शस्त्रक्रिया करणाऱ्यांना विचारा. बँडेजवर डाग पसरताना दिसला, किंवा पायावर निळसर सूज चढू लागली, तर लगेच फोन करा. आणि शस्त्रक्रियेची तारीख शुक्रवारची घेऊ नका, सोमवार किंवा मंगळवारची घ्या. म्हणजे ते दोन दिवस उलटत असताना तुमचा नेहमीचा दवाखाना उघडा असेल.